काउंट म्हणजे काय रे भाऊ?

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, प्रमोशन झालं!" पार्टी कुठे, हे ठरवायच्या आधी मी सवयीने विचारलं, "पगार किती वाढला?" जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "पगार नाही गं, डेझिग्नेशन. आता मी सीनियर असोसिएट." दोन वर्षं इन्क्रिमेंटची वाट बघत होती बिचारी. आईने मात्र लग्नाचा बायोडेटा लगेच अपडेट केला म्हणे!

मी नेमकी तेव्हा 'काउंट' या शब्दाच्या नादी लागले होते. काउंट म्हटलं की आपल्याला ड्रॅक्युला आठवतो. काळा झगा, सुळे, पडका किल्ला. पण या रुबाबदार किताबाचं मूळ एकदम साधं. लॅटिनमध्ये 'कोमेस' म्हणजे बरोबर चालणारा, सोबती. बस्स! मोजण्याचा काउंट वेगळा हं, तो आपल्या कॉम्प्युटरचा नातेवाईक.

आता सोबती कुणाचा, यावर सगळं अवलंबून. रोमन सम्राटाबरोबर फिरणारी मंडळी हळूहळू वजनदार झाली आणि चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने 'कोमेस'चा रीतसर किताबच करून टाकला. बॉसच्या गाडीतून घरी जाणाऱ्याला ऑफिसात आपोआप मान मिळतो ना, तसंच. पुढे त्याचा फ्रेंचमध्ये कोंत, इटालियनमध्ये कोंते आणि स्पॅनिशमध्ये कोंदे झाला. १६८३ मध्ये संभाजीराजांनी फोंड्याहून ज्याला परतवून लावलं, तो गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉयही आल्व्होरचा काउंटच.

जर्मन लोकांचा शब्द वेगळा, ग्राफ. हो, स्टेफीचं आडनाव! रशियात पीटर द ग्रेटने तो उचलला, म्हणून टॉलस्टॉयही 'ग्राफ टॉलस्टॉय'. १९१९ मध्ये जर्मनीने उमरावांचे खास हक्क काढून घेतले, पण किताब आडनावात ठेवू दिले. ऑस्ट्रियाने तेवढंही नाही. इंग्रज तर भलतेच वल्ली. त्यांच्या सरदाराला ते काउंट म्हणतच नाहीत, तो 'अर्ल'. आणि अर्लची बायको? काउंटेस!

पण मला सगळ्यात आवडला तो 'कोमेस स्ताबुली', म्हणजे तबेल्याचा काउंट. राजाचे घोडे याच्या ताब्यात. घोडे म्हणजे फौज, त्यामुळे फ्रान्समध्ये हाच पुढे 'कोनेताब्ल' म्हणून राजाचा सेनापती झाला. १६२७ मध्ये ते पदच रद्द झालं. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द उतरत उतरत गावात शांतता राखणाऱ्या माणसापर्यंत आला आणि तिथून थेट आपल्या पोलीस चौकीत. कॉन्स्टेबल! सिग्नल तोडल्यावर शिट्टी मारून जो आपल्याला बाजूला घेतो, तो खानदानी काउंट आहे यार.

हे सगळं मैत्रिणीला ऐकवलं. वर हेही सांगितलं, की 'असोसिएट'च्या पोटातही लॅटिनमधला सोबतीच बसलाय, फक्त शब्द दुसरा, 'सोसियुस'.

"म्हणजे मी काउंटेस?"

"जवळजवळ. आणि 'कंपनी' म्हणजे मुळात एकत्र बसून पाव खाणारे."

"पाव?" ती म्हणाली. "आमच्याकडे या महिन्यापासून चहालासुद्धा कुपन लागतं."