एकट्याने जा, पण सांगून जा

‘डॉक्टर, या वयात एकटेच गेलात?’ यलोस्टोनहून आल्यापासून दवाखान्यात हाच प्रश्न. गेलो, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवून. अमेरिकेतले हे राष्ट्रीय उद्यान १८७२ सालचे. तिथला ‘ओल्ड फेथफुल’ हा उकळत्या पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उसळतो. उंचीमुळे पाणी ९३ अंशांनाच उकळते, पण तेवढे पुरते. तिथल्या कुंडांत भाजून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. आपल्या गव्याच्या कुळातला बायसन दिसतो सुस्त, धावतो माणसाच्या तिप्पट वेगाने. त्याच्यापासून २३ मीटर दूर राहायचे, अस्वलापासून ९१ मीटर. हे सगळे मी पाळले.

चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. मोबाईलला रेंज नसलेल्या रस्त्यावर छातीत जळजळू लागले. पित्तच होते, पण खात्री पटायला अर्धा तास गेला. मी कुठे आहे हे मुलालाही ठाऊक नव्हते. आणि मी रुग्णांना शहाणपण शिकवतो!

पन्नाशीनंतर एकट्याने जरूर फिरावे, हे माझे मत अजूनही कायम आहे. मात्र रोजचा मार्ग कुणाला तरी लिहून द्यावा, गोळ्यांची चिठ्ठी पाकिटात ठेवावी. मी तो कागद तिसऱ्या दिवशी लॉजच्या काउंटरवर दिला.