विटाळ आणि संसर्ग : माऱ्याच्या जागा वॉर्डातही असतात

दरवर्षी १२ मे उजाडला की फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार पडतो, मेणबत्त्या पेटतात, नर्सना गुलाबाचे फूल मिळते आणि भाषणात ‘सेवेची मूर्ती’, ‘पांढऱ्या वेशातली देवी’ असे शब्द येतात. दुसऱ्या दिवशी तीच देवी साठ पेशंटच्या वॉर्डात एकटी रात्रपाळी करते. ज्या समाजाने बाईला देवी म्हणून देव्हाऱ्यात बसवले आणि माणूस म्हणून उंबऱ्यात अडवले, त्या समाजाच्या तोंडची ‘सेवा’ आम्हाला नीट ठाऊक आहे. आमच्या आज्यांच्या पिढीलाही गावाची ‘सेवा’च करायला लावली होती. तिचे खरे नाव वेठ होते.

म्हणून गुलाब किती मिळाले हे आम्ही विचारत नाही. नर्सिंगच्या क्षेत्रात नियम लिहिले जातात त्या खुर्च्यांवर आमच्या किती मुली बसल्या, हे विचारतो. माऱ्याच्या जागा म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना समजावून सांगावे लागत नाही. परंतु माऱ्याची जागा म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर फक्त कलेक्टर कचेरी, पोलीस खाते आणि विधानसभा येते. हॉस्पिटल येत नाही. आले तरी डॉक्टर येतो, नर्स येत नाही.

नर्सिंगमध्ये अनेक विशेष शाखा आहेत. अतिदक्षता, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, मानसिक आरोग्य, कर्करोग. त्यातल्या एकाच शाखेबद्दल आज लिहितो आहोत, कारण तिचा जातीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. ती शाखा म्हणजे संसर्ग नियंत्रण, ज्याला सगळे इन्फेक्शन कंट्रोल म्हणतात.

विटाळ माणसाच्या जन्मात असतो, असे मनूची व्यवस्था सांगते. संसर्ग हातावर असतो आणि हात धुतले की जातो, असे विज्ञान सांगते. ही दोन वाक्ये एका घरात नांदू शकत नाहीत. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने हेच सिद्ध केले. तिथल्या प्रसूती रुग्णालयात दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी मेल्या, सुईणींच्या विभागात ३ टक्क्यांहूनही कमी. कारण डॉक्टरमंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपणाला येत होती. सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. मोठ्या डॉक्टरांना ते पचले नाही. आपला हात घाणेरडा असू शकतो, हे प्रतिष्ठितांना कुठल्याही देशात पचत नाही.

आपल्याकडे अनेक गावांत नाळ कापणारी सुईण मांग-महार वस्तीतूनच यायची. बाळ तिच्या हातात जन्मायचे आणि सोयर संपले की तिच्याच हाताचे पाणी चालायचे नाही. या खोटेपणाला सावित्रीबाईंनी कृतीने उत्तर दिले. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्याकडे गेल्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात स्पर्श हा गुन्हा होता, त्या काळात स्पर्श हे कर्तव्य मानणारी ही बाई आमच्या नर्सिंगची पूर्वज आहे. १२ मेच्या हाराशेजारी १० मार्चचा हार का नाही, हे नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनींनी आपल्या प्राचार्यांना विचारावे.

इन्फेक्शन कंट्रोल नर्स काय करते? १९५९ साली इंग्लंडमधल्या टॉर्बे इथे पहिल्यांदा असे पद निर्माण झाले. तिचे काम वॉर्डावॉर्डांतून फिरणे, कुणाला हॉस्पिटलमध्येच नवा संसर्ग झाला ते शोधणे, हात धुण्याची शिस्त पाळली जाते का ते पाहणे, सुई टोचण्याच्या घटना नोंदवणे आणि कचरा योग्य पिशवीत जातो की नाही हे तपासणे. ती हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीत डॉक्टरांच्या शेजारी बसते. हात न धुता ड्रेसिंगला आलेल्या सर्जनला ‘सर, आधी हात’ असे म्हणण्याचा तिला अधिकार असतो. ज्यांच्या आजोबांना विहिरीला हात लावू दिला नाही, त्यांच्या नातीने सर्जनला हात धुवायला सांगावे, याहून मोठा सामाजिक बदल कोणता?

आता सोलापूरकडे या. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’. जिल्ह्यातून तर लोक येतातच, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडूनही येतात. वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात. बुधवार पेठेत किंवा सेटलमेंटमध्ये वाढलेली आमची मुलगी यातल्या दोन-तीन भाषा खेळता खेळता शिकलेली असते. विडी वळणाऱ्या बाईला तिच्या भाषेत जखमेची काळजी समजावणे हे कौशल्य आहे. त्याचा कोर्स कुठल्याही कॉलेजात नाही.

या किंवा कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराला उभे राहा. पिवळ्या पिशव्या, लाल पिशव्या, सुयांचे पांढरे डबे, काचेचे निळे खोके कोण उचलतो? त्याचे आडनाव विचारा. उत्तर मनुस्मृतीने कधीच देऊन ठेवले आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे, संरक्षक साधने मिळाली पाहिजेत, अपघाताची नोंद झाली पाहिजे. लस न घेतलेल्या कामगाराला हिपॅटायटिस बी झालेल्या पेशंटची सुई टोचली, तर शंभरात तीस जणांपर्यंत तो आजार होऊ शकतो. एचआयव्हीची शक्यता हजारात तीन, पण त्यावरचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. कंत्राटी सफाई कामगाराला हे ७२ तास कोण सांगणार? ठेकेदार?

सांगू शकते ती इन्फेक्शन कंट्रोल नर्स. तिच्या रजिस्टरमध्ये सफाई कामगाराची सुई नोंदली गेली तर ती घटना आहे. नाही नोंदली तर ती कधी घडलीच नाही. कामगाराचा जीव असा एका ओळीवर टांगलेला असतो. ती ओळ लिहिणारी कोण आहे, तिला तो कामगार दिसतो की नाही, हा आमच्यासाठी प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा. वॉर्डातली नर्स नियम पाळते. नियम बनतात दुसरीकडे. जीएनएम किंवा बीएस्सी झाली, नोकरी लागली, विशेष शाखेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केला, इथपर्यंत आमच्या अनेक मुली पोचतात. पुढचा रस्ता पगाराचा नसतो. व्यावसायिक संघटनेची सभासद होणे, स्थानिक शाखेचे चिटणीसपद घेणे, कार्यशाळा भरवणे, आपल्या वॉर्डातली आकडेवारी परिषदेत मांडणे, मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समितीत जाणे. ही सगळी कामे ड्युटी संपल्यावर, स्वयंसेवेने होतात. सरकारी भरतीत आमच्यासाठी १३ टक्के जागा आहेत. संघटनेच्या कार्यकारिणीत, परिषदेच्या व्यासपीठावर, तज्ज्ञ समितीत एकही राखीव जागा नाही. तिथे जो वेळ देतो तो बसतो आणि जो बसतो तो लिहितो.

अशा संघटनेने काय होते, असे कुणी विचारेल. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची संघटना आहे. तिची विद्यार्थी शाखा १९२९ पासून आहे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या १९४७ च्या कायद्यात या संघटनेने निवडून दिलेल्या एका सदस्याची जागाच होती. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पिळवणुकीविरुद्ध हीच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार असावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २० हजारांच्या खाली नसावा. आज सोलापुरातल्या छोट्या दवाखान्यात राबणाऱ्या मुलीने आपल्या पगाराचा आकडा या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. शिफारस कागदावर आहे. ती अंमलात आणायला भाग पाडणारे लोक संघटनेत लागतात. २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा आला. त्यात अध्यक्षाची नेमणूक शोध समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकार करते. शोध कुणाचा होतो? ज्यांची नावे आधीच परिषदांच्या पत्रिकांवर छापलेली असतात त्यांचा.

यावर आमचेच काही कार्यकर्ते दोन आक्षेप घेतात. पहिला असा : आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घेतले, आता पुन्हा फुकट काम कशाला? आक्षेप खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते याच वेठीविरुद्ध. पण वेठ वाईट होती ती केवळ फुकट होती म्हणून नव्हे. तिथे राबणारा एक आणि ठरवणारा दुसरा होता. ज्या कामात ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती येतो, ते काम वेठ होत नाही. मात्र ज्या घरात दुसरा पगार नाही, शिक्षणाचे कर्ज आहे आणि रात्रपाळीनंतर लेकराचा डबा आहे, त्या घरातल्या बाईला स्वयंसेवा परवडत नाही. सावकाश परवडणाऱ्यांचीच मग ती मक्तेदारी होते. हा खर्च एकट्या बाईवर टाकू नये, समाजाने उचलावा.

दुसरा आक्षेप : त्यांच्या संघटनेत शिरण्यापेक्षा आपली वेगळी काढू. अमेरिकेतल्या काळ्या नर्सनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवून पाहिला आहे. १९०८ सालीच मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने ५२ जणींनी काळ्या नर्सची राष्ट्रीय संघटना उभी केली, कारण दक्षिणेतली राज्ये त्यांना मुख्य संघटनेत येऊ देत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने सुरुवातीला अवघ्या ५६ काळ्या नर्स घेतल्या. मेबल स्टॉपर्स यांनी लढा दिला आणि १९४५ साली लष्कराला ती मर्यादा सोडावी लागली. १९४८ साली मुख्य संघटनेचे दार उघडले. १९५१ साली काळ्या नर्सनी आपली संघटना विसर्जित केली. आणि वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांना नवी संघटना काढावी लागली, कारण मोठ्या घरात प्रवेश मिळाला तरी निर्णयाची खोली बंदच होती. धडा सरळ आहे. आपली संघटना मोडू नका आणि त्यांच्या संघटनेची खुर्चीही सोडू नका. बाबासाहेब गोलमेज परिषदेत बसले, तेव्हा त्यांनी आपली चळवळ विसर्जित केली नव्हती.

मग करायचे काय? सोलापूरची जयंती महाराष्ट्रात नावाजलेली आहे. जयंती मंडळांना आमचे जाहीर आवाहन आहे. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यातून किती नर्सची सभासद वर्गणी आणि परिषदेचे रेल्वे तिकीट निघेल, याचा हिशेब बैठकीत मांडा. बुद्ध विहारांनी परिषदेच्या चार दिवसांत तिच्या लेकरांना सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी. व्यासपीठावर स्पर्धा परीक्षेतल्या यशस्वींचा सत्कार होतो, तिथे विशेष शाखेत काम करणाऱ्या नर्सलाही बोलवा. शाल देऊन परत पाठवू नका, अर्धा तास बोलू द्या.

नर्स भगिनींनो, तुम्ही तीन गोष्टी करा. तुमच्या हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीत कोण आहे ते विचारा. कंत्राटी सफाई कामगारांच्या लसीची यादी मागा, आणि यादी नसेल तर ती करण्याचे काम स्वतःकडे घ्या. आणि संघटनेची पुढची निवडणूक कधी आहे ते शोधून काढा. विद्यार्थिनींनी विद्यार्थी शाखेपासून सुरुवात करावी. माईक हातात घेण्याची सवय विसाव्या वर्षी लागते, पन्नासाव्या वर्षी लागत नाही.

महिलांची प्रगती हीच समाजाच्या प्रगतीची मोजपट्टी आहे, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगातल्या आरोग्य क्षेत्राला हीच पट्टी लावली तेव्हा दिसले की कर्मचाऱ्यांमध्ये ७० टक्के बाया आहेत, वरच्या पदांवर मात्र २५ टक्के. त्या २५ टक्क्यांत आमच्या वस्त्यांतल्या किती, हे मोजा असे कुणी स्वतःहून म्हणणार नाही. मोजायला लावावे लागेल. त्यासाठी रजिस्टर आपल्या हातात हवे.

जय भीम!