विकाऊ घराची बाग

घर विकायला काढले की आपण भिंतींना रंग देतो आणि बागेकडे पाठ फिरवतो. वास्तविक पुण्याकडे थंडी हाच फुलांचा खरा हंगाम! ऑक्टोबरात छाटलेला गुलाब सुमारे 45 दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या तोंडावर, फुलतो. शेवंतीही याच दिवसांत बहरते. वाळकी पाने काढावीत, आळी भुसभुशीत करून शेणखत घालावे, वाट झाडून ठेवावी आणि गिऱ्हाइकाला कोवळ्या उन्हातच बोलवावे.

विकतच्या कुंड्या मांडून देखावा मात्र करू नये. कुंड्या आपल्याबरोबर जातात. झाडे मागे राहतात.

आमचेही घर यंदा विकायचे आहे. सासूबाईंनी लावलेला आंबा जानेवारीत मोहोरेल. घेणाऱ्याला मी आधी विचारीन, “आंबा ठेवणार ना?” किमतीचे बोलणे मागाहून!