कळांची वाट पाहत बसू नका

रायपुरात तात्यापारा असो की चौबे कॉलनी, आपल्या मराठी घरांत बाळंतपणाची तयारी जोरात होते. दुपटी, लंगोट, डिंकाचे लाडू, नागपूरहून येणाऱ्या आईचं तिकीट. पण पाणमोट फुटली आणि कळा आल्याच नाहीत तर काय करायचं, हे विचारलं की बहुतेक घरांत उत्तर एकच: कळा सुरू होऊ देत, मग निघू. ते बरोबर नाही.

पाणमोट म्हणजे बाळाभोवतीची दोन पडद्यांची, पाण्याने भरलेली पिशवी. गर्भ रुजत असतानाच, फलनानंतर साधारण आठव्या दिवशी, त्याच्या पेशींत एक बारीकशी पोकळी तयार होते. तिचं अस्तर म्हणजे आतला पडदा. बाहेरचा पडदा वेगळा वाढतो, आणि त्याच्याच एका भागातून वारेचा बाळाकडचा भाग घडतो. तीन-चार महिन्यांत दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात. आतलं पाणी सुरुवातीला आईच्या रक्तातून झिरपतं, नंतर मात्र ते मुख्यतः बाळाचंच मूत्र असतं. नाक मुरडू नका, बाळ तेच गिळतं आणि पुन्हा सोडतं. त्यातच त्याला हातपाय हलवायला जागा मिळते, फुप्फुसं वाढतात, नाळ दबत नाही. ३४व्या आठवड्याच्या सुमारास हे पाणी ८०० मिलिलिटरच्या आसपास असतं.

आतल्या पडद्यात ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. म्हणून तो फाटताना दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून घरातले निवांत राहतात. खरं तर जंतूंना अडवणारी भिंतच गेलेली असते. जितका वेळ जाईल तितका संसर्गाचा धोका वाढतो, आणि क्वचित नाळही खाली सरकते.

लघवी आहे की पाणी, हे कळत नसेल तर स्वच्छ पॅड लावा. आवरून धरलं तरी थेंबथेंब गळत राहिलं, तर पाणीच समजा आणि निघा. रंग हिरवा किंवा लाल, वास घाण, ताप, बाळाची हालचाल मंद, नऊ महिने भरायला अवकाश, यांतलं काहीही असेल तर एक मिनिटही थांबू नका. लवकर पोहोचलात तर प्रतिजैविकं देता येतात, आणि बाळ कमी दिवसांचं असेल तर त्याच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनही.

एक गोष्ट वस्तीतली आरोग्यसेविका, म्हणजे मितानिनही सांगतेच, मी पुन्हा सांगतो: गुडाखू सोडा. तो आपल्या मशेरीसारखाच तंबाखू आहे, आणि तंबाखूने बाळ वेळेआधी आणि कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते.

१०२ वर महतारी एक्सप्रेस ही रुग्णवाहिका मोफत येते. रक्तस्राव असेल किंवा नाळ दिसली तर १०८ लावा. माता-बाल कार्ड आजच पर्समध्ये टाका. आंघोळ, देवघर, सासऱ्यांचं ताट, सगळं नंतर.