मिठागर राबते राहिले तरच

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना उधाण आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा, म्हणजेच हॅलोआर्किआंचा, असल्याचा निर्वाळा दिला. पाणी आटून खारटपणा वाढला की हे जीव बहरतात, पावसाने पाणी वाढले की ओसरतात. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

या जीवांचे नातेवाईक गोव्यातही आहेत. रायबंदरच्या मिठागरांतून गोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते वेगळे काढले आहेत. त्यांची लालसर रंगद्रव्ये सूर्याची उष्णता शोषून बाष्पीभवनास हातभार लावतात. इतर जीवाणू जिथे तग धरत नाहीत, अशा खारट सांडपाण्याच्या शुद्धीकरणातही ते उपयोगी ठरू शकतात.

परंतु लोणार ही निसर्गाची निर्मिती आहे, मिठागर माणसाच्या श्रमांची. बांध फुटला की खाडीचे पाणी आत शिरते, मिठवणी दाट होत नाही आणि ही सूक्ष्म वसाहत विरून जाते. म्हणूनच मिठागराला केवळ कुंपण घालून ते वाचणार नाही. बांधदुरुस्तीला मदत आणि मिठाला रास्त भाव, हेच येथील खरे जैवविविधता संरक्षण होय.