लोकाश्रय हवा, द्यूताश्रय नको

पणजीच्या कांपाल भागात, मांडवीच्या काठावर, कला अकादमीची वास्तू उभी आहे. तेथील नाट्यगृहाला गोमंतकाचे सुपुत्र मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव दिलेले आहे. त्याच मांडवीच्या पात्रात सायंकाळ झाली की कॅसिनोची जहाजे झगमगू लागतात. त्यांवरही रंगमंच आहे, गायक आहेत, नर्तक आहेत. काठावरचा रंगमंच रसिकांच्या भरवशावर उभा आहे, तर पाण्यावरचा जुगाराच्या टेबलाच्या भरवशावर. कॅसिनोंमुळे कलावंतांना काम मिळते, त्यांच्या हाती चार पैसे पडतात, असे या व्यवसायाचे समर्थक सांगतात. हा युक्तिवाद भावनेच्या नव्हे, हिशेबाच्या कसोटीवर तपासला पाहिजे. आणि त्यासाठी, ज्या नगरीने हा प्रयोग दीर्घकाळ केला, त्या अमेरिकेतील लास व्हेगासकडे पाहणे आवश्यक आहे.

नेवाडा राज्याने १९३१ साली जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आलिशान कॅसिनो-हॉटेले उभी राहिली आणि त्यांच्यात नामवंत कलावंतांना आणण्याची स्पर्धा लागली. १९५५ मध्ये पियानोवादक लिबराची यांना एका हॉटेलने आठवड्याला ५० हजार डॉलर इतकी बिदागी दिली. फ्रँक सिनात्रा, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे गायक तेथे गात आणि प्रेक्षकाला त्यासाठी फारच थोडे मोजावे लागे. ही उदारता कोठून आली? कार्यक्रम तोट्यात चालला तरी कॅसिनोमालकाला चिंता नव्हती. प्रेक्षकाला प्रेक्षागृहात जाता-येता जुगाराच्या दालनातूनच जावे लागे. प्रयोगाची लांबीही अशी बेतलेली असे की रसिक लवकर टेबलाकडे परतावा. गायन हे आमिष होते, गळ दुसराच होता. आणि या वैभवाची दुसरी बाजू अशी की, कृष्णवर्णीय गायकाने रंगमंचावर टाळ्या घ्याव्यात, पण त्याच हॉटेलात त्याला खोली मात्र मिळू नये, हा अन्याय १९६० पर्यंत तेथे सर्रास चालू होता. कलेचा मान राखण्यासाठी ही व्यवस्था उभी राहिलेलीच नव्हती.

पुढे हिशेब बदलला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडाने कायदा बदलून भागभांडवली कंपन्यांना कॅसिनो चालविण्याची वाट मोकळी केली. कंपनीच्या ताळेबंदात प्रत्येक विभागाने स्वतःचा नफा दाखवावा लागतो. मग प्रेक्षागृह तरी त्याला अपवाद कसे राहणार? १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो सुरू झाले, पुढे इतर राज्यांतही ते पसरले. जुगार घराजवळ मिळू लागल्यावर लोकांनी वाळवंटात का यावे? घराजवळ मिळणार नाही असे काही तरी दाखविणे लास व्हेगासला भाग पडले. १९९८ मध्ये सर्क द्यू सोलेई या कॅनडातील संस्थेचा पाण्यावरील ‘ओ’ हा भव्य प्रयोग तेथे सुरू झाला. २००३ मध्ये सीझर्स पॅलेसने गायिका सेलीन डिऑन यांच्यासाठी साडेनऊ कोटी डॉलर खर्चून चार हजार आसनांचे प्रेक्षागृह बांधले आणि पुढील पाच वर्षांत त्यांचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. तिकिटे महाग होती, तरी ती विकली गेली. तेथील मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांच्या एकूण उत्पन्नात जुगाराचा वाटा १९९९ च्या सुमारास निम्म्याखाली घसरला. कालचे आमिष आज स्वतःच विक्रीचा माल झाले.

यात कलेचा विजय झाला, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरेही आहे. स्वतःच्या तिकिटावर उभा राहिलेला प्रयोग टेबलाचा मिंधा राहत नाही. परंतु या विजयात वाटेकरी किती झाले? पहिल्या रांगेतील मोजके तारे. ज्यांच्या खांद्यावर हा डोलारा उभा होता, त्या वादकांचे काय झाले, हे १९८९ साली दिसले. हॉटेलांनी जिवंत वाद्यवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित संगीत वापरण्याचे ठरविले. वादकांच्या संघटनेने संप पुकारला आणि तो सात महिन्यांहून अधिक काळ लढविला. परंतु मुद्रित संगीताला हटविणे त्यांना शक्य झाले नाही. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल म्हणजे २०२३ मध्ये सुमारे २३० कोटी डॉलर खर्चून तेथील व्हेनेशियन कॅसिनो-हॉटेलाला लागून उघडलेले ‘स्फिअर’. त्या प्रचंड गोलाकार सभागृहात नामवंत वाद्यवृंदांचे कार्यक्रम होतात खरे. पण एरवी अजस्र पडद्यावर चित्रपट दाखविले जातात. चित्रपटाला बिदागी द्यावी लागत नाही, त्याचा घसाही बसत नाही. जिवंत कलेच्या राजधानीतच जिवंत कलावंत अनावश्यक ठरू लागला आहे.

आता गोव्याकडे वळू. मांडवीतील जहाजांवर आज जे चालते, ते लास व्हेगासच्या पहिल्या अवस्थेशी जुळते. प्रवेशशुल्कातच जेवण, पेये आणि करमणूक. खरी कमाई टेबलावर. म्हणजे कलावंताची बिदागी हा तेथे जाहिरातीचा खर्च आहे, आणि धंदा आवळला की पहिली कात्री जाहिरातीलाच लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंवर पूर्ण मूल्याच्या २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेई. आजचे राज्य त्याच्या कितीतरी पुढे गेले आहे. या कराला आमचा विरोध नाही. परंतु कराचा बोजा वाढला की त्याची झळ आधी मालकाला लागेल की रंगमंचावरच्या नर्तकाला, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण कॅसिनो नाकारले म्हणून कलावंताचे घर चालत नाही. त्यासाठी दुसरा आश्रय उभा करावा लागतो. आपल्या परंपरेने कलेला दोन आश्रय दिले : राजाश्रय आणि लोकाश्रय. गोव्याच्या गावोगावी जत्रा-उत्सवांत देवळासमोर गावकरीच मराठी नाटके उभी करतात. वर्गणी त्यांची, नट त्यांचे, प्रेक्षकही तेच. तियात्राला आजही तिकीट काढून गर्दी होते. हा लोकाश्रय द्यूतसभेच्या दाराशी हात पसरायला जात नाही. कॅसिनोंकडून येणाऱ्या महसुलाचा निश्चित भाग गावोगावच्या रंगमंचांसाठी राखून ठेवण्याचे धैर्य शासनाने दाखवावे. तो पैसा तिजोरीतून, कलावंताचा हक्क म्हणून यावा, टेबलाची कृपा म्हणून नव्हे.

आणि आपण? कॅसिनोतील करमणुकीला नावे ठेवणे सोपे आहे. नाटकाचे तिकीट काढणे त्याहून थोडे कठीण. आपल्या गावातील नाट्यगृहाच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर तेथला गायक उद्या मांडवीतील जहाजावर गेला म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.