साच्याची चूक

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमचे चिरंजीव नववीत आहेत. अंगणातला किल्ला उतरवून झाला आणि स्वारी प्लॅस्टिकच्या मोटारीकडे वळली. ही मोटार दुकानात तयार मिळते तशी नसते. खोक्यात शंभराच्या आसपास सुटे भाग येतात. ते चौकटीतून कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती उभी करायची. याला मॉडेल किट म्हणतात. बंगळूरचा माझा मेहुणा दिवाळीला येताना एखादं खोकं घेऊन येतो. तीन मोटारी शोकेसमध्ये उभ्या होत्या. ही चौथी.

तिसऱ्या दिवशी काम अडलं. गाडीचा तळ, म्हणजे चासी, बॉडीत बसेना. एक कोपरा दाबून बसवला की समोरचा उचलायचा. रबरबँड बांधून झाले, कपड्याचे चिमटे लावून झाले. शेवटी गोंद ओघळला आणि रंगवलेल्या दारावर बोटाचा ठसा उमटला. मी पलीकडे पेपर तपासत होतो. मान वर न करताच बोललो, "तुला धीर म्हणून नाही. कुठलं काम धड होतं तुझ्या हातून?"

तो काही बोलला नाही. खोकं बंद करून कपाटावर टाकलं आणि पुढचे आठ दिवस त्या टेबलाकडे फिरकला नाही. आईनं विचारलं तर म्हणाला, "मला नाही जमत ते." माझंच वाक्य होतं ते. फक्त आता तो स्वतःच स्वतःला ऐकवत होता.

आमच्या शेजारी एक काका राहतात. घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि रागावले की दोन्ही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांची सारी नोकरी पॅटर्नमेकर म्हणून झाली. बेळगावात फाउंड्री म्हणजे काय हे सांगायला नको, पण पॅटर्नमेकरचं काम सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. जो भाग लोखंडात ओतायचा त्याचा लाकडी नमुना हा माणूस करतो. तो नमुना वाळूत दाबून साचा तयार होतो. लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आक्रसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटीमीटर आपल्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा!

काका वर्तमानपत्र न्यायला आले होते. कपाटावरचं खोकं त्यांनी सहज उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिथेच बसले. "सर, हा तर आमचाच माल," म्हणाले. "हा रनर, हा गेट. इथून माल आत गेलाय." कडेनं नख फिरवलं. "साच्याचे दोन अर्ध नीट मिळालेले नाहीत. मधे माल घुसलाय. याला आम्ही फ्लॅश म्हणतो. फेटलिंग न करताच पोराच्या हातात दिलंय." मग त्यांनी टीपॉयच्या काचेवर चासी ठेवली. तीन कोपरे टेकले. चौथ्याखाली दोन पोस्टकार्डं जातील एवढी फट होती.

माझ्याकडे बघून काका म्हणाले, "इदु हुडुगन तप्पल्लरी, अच्चिन तप्पु."

पोराची चूक नाही, साच्याची आहे. माझी काय अवस्था झाली ते वेगळं सांगत नाही.

त्या किटच्या कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण प्रश्न एका नावाचा नाही. मात्र त्या दिवसापासून आम्ही तिघांनी घरातली सगळी किटं, त्यांची खोकी आणि माहितीपत्रकं नव्यानं पाहिली. दिवाळीत किंवा वाढदिवसाला असं किट घेणारी घरं आता आपल्याकडेही आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितो आहे.

आधी मापाची गोष्ट. खोक्यावर १:२४, १:२५ किंवा १:३२ असं लिहिलेलं असतं. आपली जुनी ॲम्बॅसडर घ्या. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं, पण लांबी लक्षात ठेवण्यासारखी आहे, सुमारे ४.३ मीटर. १:२४ मापात ती १८ सेंटीमीटर होईल, १:२५ मध्ये त्याहून सुमारे सात मिलिमीटर आखूड आणि १:३२ मध्ये साडेतेरा सेंटीमीटर. १:२४ म्हणजे एक फुटाला अर्धा इंच, हे कुठलाही सुतार चटकन ओळखेल. ढोबळ मानानं जपानी कंपन्या १:२४ वापरतात, अमेरिकन कंपन्या १:२५ आणि इंग्लंडच्या एअरफिक्सच्या बऱ्याच मोटारी १:३२ मध्ये आहेत. शोकेसमध्ये गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या तर हे आधी बघावं.

आता कंपन्या. जपानची तामिया ही शिझुओका शहरातली. १९४६ साली तिची सुरुवात लाकडाच्या धंद्यातून झाली. मग लाकडी मॉडेलं आली. पुढे अमेरिकेतून प्लॅस्टिकची किटं यायला लागली तशी लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि १९६० साली तामियानं 'यामातो' या युद्धनौकेचं आपलं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. हे वाचून दाखवलं तेव्हा काका हसले. त्यांच्याही लाकडी नमुन्यांची बरीचशी कामं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेली. संस्थापकांचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनी ही कंपनी जगभर नेली. २०२५ साली वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले. १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चं १:१२ मापातलं मोठं मॉडेल काढण्याच्या वेळी त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती.

ही चिकाटी किटमध्ये दिसते. आमच्याकडच्या तामियाच्या मोटारीत भाग कापला की जागेवर बसतो. सूचनांची चित्रं अशी की भाषा न येणाराही गाडी जुळवेल. पण एक लक्षात ठेवा. या कंपनीच्या १:२४ मापातल्या अनेक मोटारींना आत पूर्ण इंजिन नसतं. वरून पाहाल तर देखणी गाडी, बोनेट मात्र उघडत नाही. शिझुओकाच्याच परिसरात हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या आणखी तीन कंपन्या आहेत. एकाच गावाभोवती एकच धंदा कसा फोफावतो, याचं आपल्या फाउंड्रीवाल्यांना नवल वाटणार नाही.

अमेरिकेतल्या एएमटीची कथा वेगळी. १९४८ साली सुरू झालेली ही कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. त्यांचं माप १:२५. १९५८ पासून तिनं त्याच धर्तीवर 'थ्री इन वन' किटं काढली. एकाच खोक्यातून गाडी कारखान्यातून निघते तशी करा, हौसेनं सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. उरलेले भाग पुढच्या गाडीला! अमेरिकन किटांत बहुधा इंजिन असतं आणि बोनेट उघडतं. ज्या मुलाला गाडीच्या पोटात काय आहे ते बघायचंय, त्याला हेच आवडतं. आज एएमटीच्या नावानं राऊंड टू ही कंपनी किटं काढते आणि त्यांतली कित्येक जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेली आहेत. जुन्या साच्याची एक मजा असते, पण घासण्याचं काम वाढण्याची तयारी ठेवावी.

रेव्हेल मूळची अमेरिकेची, १९४३ ची. तिची जर्मन शाखा १९५६ ची. अमेरिकेतली मालक कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण रेव्हेल हे नाव जर्मनीत टिकून राहिलं. हिच्या खोक्यावर काम किती अवघड आहे त्याचा क्रमांक छापलेला असतो. पालकांसाठी ही मोठी सोय आहे. पण दुसरी बाजूही बघा. रेव्हेलच्या नावाखाली स्वतःचे नवे साचे असतात, मोनोग्रामसारख्या तिच्यात विलीन झालेल्या कंपनीचे जुने साचे असतात आणि कधी दुसऱ्याच कंपनीकडून घेतलेला मालही असतो. हे या धंद्यात सगळीकडे चालतं. खोकं नवं, चित्र नवं आणि आतला साचा चाळीस वर्षांचा!

एअरफिक्स १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी इंग्लंडमध्ये काढली. सुरुवात हवा भरायच्या रबरी खेळण्यांपासून. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी तिनं एक छोटा ट्रॅक्टर केला आणि तिथून किटांचा प्रवास सुरू झाला. २००६ साली ती हॉर्नबी कंपनीकडे गेली. त्यानंतरच्या काळात एअरफिक्सच्या कित्येक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' असं छापलेलं असायचं, हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या सुरुवातीच्या संचांत रंग, ब्रश आणि गोंदही येतो. आमची पहिली मोटार यातलीच, १:३२ मापातली मिनी. भाग कमी, दोन-तीन संध्याकाळींत गाडी तयार. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिलं किट म्हणून मी हेच सुचवेन.

मग सगळ्यांत चांगली कंपनी कुठली? हा प्रश्न मी काकांनाच विचारला. ते म्हणाले, "नावाला काय बघता? साचा कधीचा ते बघा." गंमत म्हणजे ही माहिती आता इंटरनेटवर शोधता येते. किटचा साचा पहिल्यांदा कुठल्या वर्षी निघाला ते पैसे देण्याआधी पाहावं. नवा साचा असेल तर मुलाला एकटं बसू द्यावं. जुना असेल तर आपणही शेजारी बसावं. किट घरी आलं की गोंदाची बाटली उघडण्याआधी लांब भाग काचेवर ठेवून बघावेत आणि सगळे मोठे भाग एकदा कोरडेच जुळवून पाहावेत.

आणखी दोन-चार गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो. या किटांचा पातळ गोंद प्लॅस्टिक थोडं विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून तो बेताचाच लावावा. काचा बसवायला मात्र साधं फेविकॉल वापरावं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेनं काचेवर पांढरी साय धरते. चकचकीत बंपर चिकटवायचा तर त्या जागेचा मुलामा आधी खरवडावा, नाहीतर गोंद मुलाम्यालाच धरतो. आणि आपल्या पावसाळ्यात स्प्रेचा रंग मारू नये. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

आता कपाटावरच्या त्या खोक्याचं काय झालं ते सांगतो. काका गेल्यावर मी मुलाच्या खोलीत गेलो. वर्गात तास-तासभर बोलणारा माणूस मी, पण सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी सरळ म्हणालो, "चासी वाकडी होती. मी न बघताच बोललो. चुकलो." तो म्हणाला, "मी सांगितलं असतं, पण तुम्ही पेपर तपासत होता." यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी येऊ लागले. चासी गरम पाण्यात धरली, उकळत्या नव्हे, नाहीतर ती आणखी वेडीवाकडी होते. मग काचेवर सपाट ठेवून वर माझ्या शब्दकोशाचे दोन खंड. सकाळी चारही कोपरे टेकले होते. मग बारीक कानस आणि पॉलिश पेपर. काकांचा हात आता थोडा थरथरतो, म्हणून ते नखानं जागा दाखवायचे आणि पोरगं घासायचं. दारावरचा ठसा बराचसा गेला. पूर्ण गेला नाही.

एका संध्याकाळी काकांनी शोकेसमधली तामियाची गाडी काढून तळहातावर घेतली. जोड कुठे आहे ते बराच वेळ शोधत राहिले. मग मुलाला विचारलं, "हा साचा कुणी केला, नाव आहे का बघ." त्यानं खोकं सगळ्या बाजूंनी पाहिलं. कंपनीचं नाव होतं, गाडीचं होतं, साचा करणाऱ्याचं नव्हतं. "आमचंही नसायचं," काका म्हणाले आणि गाडी जागेवर ठेवली.

चौथी मोटार आता शोकेसमध्ये आहे. परवा धूळ पुसताना मी ती उलटी केली. चासीच्या खाली बारीक पेननं दोन ओळी लिहिल्या आहेत. 'साचा : माहीत नाही. फेटलिंग : अज्जा.' त्यातलं 'अज्जा' तेवढं कन्नड अक्षरांत आहे, शाळेत गिरवतात तशा गोल.